तार कोण धरून ठेवतं?



सुरुवातीलाच एक विनंती. जरा मान वर करून या सभागृहाच्या छताकडे बघा. जे घरून ऐकताहेत त्यांनी आपल्या इमारतीच्या जिन्याचं किंवा पॅसेजचं छत डोळ्यांसमोर आणावं. दिवे दिसतील, पंखे दिसतील, एखादा कॅमेरा दिसेल, एखादा स्पीकर. त्या प्रत्येकापर्यंत एक केबल गेलेली आहे. आता माझा प्रश्न असा, की ती केबल तिथे वर कशामुळे राहिली आहे?

उत्तर सोपं आहे. क्लिपमुळे, पट्टीमुळे, स्क्रूमुळे. थोडक्या पैशांची वस्तू. वायरिंगच्या अंदाजपत्रकात तिला बहुधा स्वतंत्र ओळही मिळत नाही. ‘इतर किरकोळ साहित्य’ यात ती जाते. आज आपण या किरकोळ साहित्याचा इतिहास बघणार आहोत. कारण आगीत ते सुटून खाली आलं आणि त्यात माणसं अडकली, असं घडलेलं आहे. त्यानंतर एका देशाला आपल्या वायरिंगच्या नियमांत नवं कलम घालावं लागलं. तो देश ब्रिटन. गोष्ट तिथली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. आपल्या घराच्या जिन्यापर्यंत ती कशी येते, ते शेवटी बघू.

ब्रिटनमधल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे आपले नियम पहिल्यांदा प्रसिद्ध केले ते १८८२ साली. संस्थेचं त्या वेळचं नाव लांबलचक होतं: सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स. नियम करणाऱ्या समितीत विल्यम थॉमसन होते, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. क्रॉम्प्टन होते, ज्यांचं नाव पुढे आपल्याकडच्या पंख्यांवर घरोघरी पोचलं. एवढी मोठी माणसं, पण नियमावली अगदी छोटी, काही पानांची. मला त्या नियमावलीचं नाव फार महत्त्वाचं वाटतं. मराठीत सांगायचं तर ‘विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणारे आगीचे धोके टाळण्यासाठीचे नियम’.

बघा, नावातच आग आहे. शॉक लागून माणूस मरेल ही भीती त्यांनाही होतीच, पण मथळ्यात आली ती आग. विमा कंपन्याही धास्तावलेल्या होत्या. फिनिक्स या अग्निविमा कंपनीने त्याच वर्षी स्वतःचे नियम काढले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १८८१ मध्ये, व्हिएन्नाचं रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांच्या आगीत जळालं होतं आणि शेकडो माणसं गेली होती. गॅस धोक्याचा म्हणून वीज आणायची, तर ती वीजच घर पेटवणार नाही ना, हा त्या काळचा प्रश्न होता.

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या आजच्या व्याख्यानात तीन प्रश्न आहेत आणि हा पहिला. तार आग लावते का? पुढची कितीतरी दशकं वायरिंगचा सगळा विचार याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. तार किती जाड हवी, फ्यूज कुठे हवा, सांधा कसा करायचा, हे सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर होतं.

१८८२ हेच साल आपल्याही इतिहासात आहे. भारतात विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या पहिल्यावहिल्या इमारतींमध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं नाव घेतलं जातं, ते याच वर्षासाठी. म्हणजे तिकडे नियम छापले जात होते, तेव्हा इकडे दिवे लागत होते. पुढे नियम, साहित्य आणि पद्धती, तिन्ही गोष्टी ब्रिटनमधूनच आपल्याकडे आल्या.

आता त्या काळी तार भिंतीवर कशी धरून ठेवत असत? सुरुवातीच्या एका पद्धतीला क्लीट वायरिंग म्हणतात. चिनी मातीचे दोन तुकडे, मध्ये खाच, खाचेत तारा, आणि वरून स्क्रू. आयटीआयमध्ये शिकलेल्यांनी पुस्तकात याचं चित्र पाहिलं असेल. मग लाकडी केसिंग-कॅपिंग आलं. लाकडाच्या पट्टीत दोन खोबणी, त्यांत तारा, वरून लाकडी झाकण. नंतर रबरी आवरणाची केबल आली आणि तिच्याबरोबर बॅटन वायरिंग. सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर पितळी लिंक क्लिप बारीक खिळ्यांनी बसवायच्या आणि केबल त्यांत गुंडाळून अडकवायची. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, चाळींत, शाळांत ही पट्टी अजून दिसते. रंगाचे थर चढून चढून क्लिपा बुजलेल्या असतात, पण हात लावून बघितलं तर जागच्या जागी असतात. कारखान्यांत आणि मोठ्या इमारतींत लोखंडी कंड्युट आलं. तार नळीत, नळी लोखंडी सॅडलमध्ये, सॅडल स्क्रूने भिंतीत.

आणि भिंतीत स्क्रू कसा धरायचा, हाही एक प्रश्नच होता. आधी भिंतीत चांगलं मोठं भोक पाडून लाकडी गट्टू ठोकायचे आणि त्यात स्क्रू पिळायचा. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं साहित्य बसवायचं होतं, पण भिंती फोडायच्या नव्हत्या. तेव्हा जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराने छोटा गोल प्लग बनवला. त्यात ताग होता आणि तो चिकटवायला जनावरांचं रक्त वापरलं होतं. हाच रॉलप्लग, आपल्या वायरमनच्या तोंडी ‘रावल प्लग’ म्हणून बसलेला. म्हणजे भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी ही जगप्रसिद्ध वस्तू जन्मली तीच मुळी विजेच्या कामासाठी.

या सगळ्या जुन्या पद्धती आदर्श होत्या असं मी म्हणत नाही. लाकूड जळतं. केसिंगच्या खोबणीत ओल शिरली की तिथेच ठिणगी पडायची आणि लाकूडच पेटायचं. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या पद्धती वाईटच होत्या. पण धरून ठेवणारी वस्तू कशाची होती तेवढं पाहा: चिनी माती, पितळ, लोखंड, जाड लाकूड. यातली एकही गोष्ट उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेला मऊ पडत नाही. त्यामागे कुणाचा फार विचार होता असं नाही. तेव्हा हातात तेच साहित्य होतं, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर साहित्य बदललं. पीव्हीसी आलं. केबलचं आवरण पीव्हीसीचं, नळी पीव्हीसीची, क्लिप प्लॅस्टिकची, केसिंग-कॅपिंगही पीव्हीसीचं, आणि रावल प्लगसुद्धा प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याने दिलेलं आपण विसरता कामा नये. ते गंजत नाही, त्यातून वीज वाहत नाही, त्याला अर्थिंग लागत नाही, करवतीने कापता येतं, आणि स्वस्त असतं. ज्या घराला लोखंडी कंड्युट परवडलं नसतं, त्या घरात सुरक्षित वायरिंग प्लॅस्टिकमुळे झालं.

१९५८ साली अमेरिकेत आणखी एक वस्तू आली. थॉमस अँड बेट्स कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी विमानाच्या कारखान्यात कामगारांना तारांचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधताना पाहिलं होतं. हजारो गाठी मारून त्या माणसांच्या बोटांना घट्टे पडायचे. त्यावर त्यांनी पट्टी ओढली की आपोआप अडकेल असा पट्टा शोधला. आज आपण ज्याला केबल टाय म्हणतो तो हा. पुढे तो संपूर्ण नायलॉनचा झाला आणि जगभर गेला. एक लक्षात घ्या, त्याचं मूळ काम तारा एकत्र बांधण्याचं होतं. छताला केबल टांगून ठेवण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं, कुणी फारसं न ठरवता.

आता थोडं तापमानाचं गणित, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. साधारण पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. नायलॉन २६० अंशांच्या आसपास वितळतं, पण भार धरण्याची ताकद त्याच्या बरीच आधी गमावतं. नेहमीच्या केबल टायला कायमच्या वापरासाठी ८५ अंशांची मर्यादा दिलेली असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ ला, पोलाद १,४०० च्या पुढे.

आणि आग किती तापते? बांधकामाचे भाग आगीत टिकतात का हे तपासायला प्रयोगशाळेत एक ठरलेला तापमान-आलेख वापरतात. त्यात पाच मिनिटांत भट्टी ५७६ अंशांना जाते, अर्ध्या तासात ८४२ अंशांना. खरी आग अगदी अशीच वागेल असं नाही, पण अंदाज येतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तापलेला धूर आधी वर जातो. छताखाली त्याचा थर साचतो आणि मग तो खाली उतरू लागतो. जमिनीवर वाकून माणूस अजून श्वास घेऊ शकत असतो, तेव्हा छतापाशी शेकडो अंश झालेले असतात. म्हणजे त्या खोलीत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तापते ती छताला लावलेली क्लिप. ती प्लॅस्टिकची असेल तर काही मिनिटांत सुटते आणि केबल खाली येते. पण तुटून येत नाही, कारण आत तांबं आहे. तिची दोन्ही टोकं कुठेतरी पक्की असतात आणि मधला भाग लोंबकळतो. दाराच्या उंचीवर, छातीच्या उंचीवर, गुडघ्याच्या उंचीवर फासे तयार होतात. आणि समोर काळा धूर, काहीही दिसत नाही.

आता त्या धुरात अग्निशामक दलाचा जवान शिरतो. पाठीवर हवेचं सिलिंडर, त्याला नळ्या, पट्टे, हातात होज. तो चाचपडत पुढे सरकतो आणि लोंबणारी केबल सिलिंडरच्या मागे अडकते. वळून सोडवायला जावं तर दुसरी अडकते. प्रत्येक ओढीबरोबर हवा संपत जाते.

हे कल्पनाचित्र नाही. २ फेब्रुवारी २००५ रोजी पहाटे, लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज या गावात, हॅरो कोर्ट या उंच इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर आग लागली. तिथे राहणारी एक स्त्री आणि आत शिरलेले दोन अग्निशामक जवान असे तिघं मृत्युमुखी पडले. पॅसेजच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या ट्रंकिंगमध्ये, म्हणजे आपल्या केसिंग-कॅपिंगसारख्या चौकोनी पट्टीत, केबली नेलेल्या होत्या. उष्णतेने ट्रंकिंग गेलं आणि केबली खाली आल्या. एका जवानाचा मृतदेह सापडला तो त्या केबलींमध्ये अडकलेला.

चौकशी झाली, अहवाल आले, इशारे दिले गेले. आणि पाच वर्षांनी, ६ एप्रिल २०१० रोजी, दक्षिणेच्या साउथॅम्प्टन शहरात शर्ली टॉवर्स या इमारतीत नवव्या मजल्यावर आग लागली. तिथेही दोन जवान गेले. तिथेही प्लॅस्टिकचे आधार वितळून केबली पडल्या आणि त्यांत माणसं अडकली. प्रामाणिकपणे सांगायला हवं, की या मृत्यूंना एकटी केबल कारणीभूत नव्हती. भयंकर उष्णता होती, घरांची रचना गुंतागुंतीची होती, दिसत काही नव्हतं. पण माणूस परत फिरू शकला असता की नाही, या प्रश्नात केबल दोन्ही वेळा आडवी आली.

मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून खटकतं ते इथे. मधल्या पाच वर्षांत नियम का बदलले नाहीत? कुणी बेफिकीर होतं असं सरसकट म्हणता येत नाही, कारण आगीत टिकणाऱ्या क्लिपेचा नियम तिथे आधीपासूनच होता. हा आपला दुसरा प्रश्न: आग लागल्यावर तार काम करत राहते का?

फायर अलार्मची केबल आगीत टिकली पाहिजे, नाहीतर भोंगा वाजणारच कसा? यासाठी खास केबली बनल्या. तांब्याच्या नळीत खनिज पूड ठासून भरलेली, मधून तारा गेलेल्या, अशा केबलची कल्पना आर्नोल्ड बोरेल या स्विस संशोधकाने १८९६ मध्ये मांडली होती. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये ती पायरोटेनॅक्स या नावाने बनू लागली. अशा केबलींच्या ब्रिटिश चाचणीतली सर्वांत कडक पातळी ९५० अंश तापमानात तीन तास टिकण्याची आहे. आता तीन तास टिकणारी केबल तीन मिनिटं टिकणाऱ्या क्लिपेने लावली तर काय उपयोग? हे अलार्मचं मानक लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्या मानकात, बीएस ५८३९ मध्ये, केबल जितकी टिकेल तितका तिचा आधारही टिकला पाहिजे अशी अट २००२ च्या आवृत्तीतच होती.

म्हणजे ज्ञान होतं. लोखंडी क्लिप बाजारात होती. नियमही होता, पण तो अलार्मच्या केबलपुरता. कारण त्या नियमाला काळजी होती ती केबलच्या कामाची. दिव्याची साधी केबल आगीत बंद पडली तर कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिला धरणारी क्लिप कशाचीही असली तरी चालेल, असं धरलं गेलं. टीव्हीच्या केबलला तर कुणी विचारतच नव्हतं. पण धुरात चाचपडणाऱ्या माणसाच्या गळ्याला केबल अडकते तेव्हा ती अलार्मची आहे की टीव्हीची, याने त्याला काय फरक पडतो?

हा तिसरा प्रश्न. तार माणसावर पडते का? १८८२ पासून सव्वाशे वर्षं हा प्रश्न नियमांच्या कुठल्याच रकान्यात नव्हता. आणि ज्याला रकाना नाही, ते अहवालात लिहिलं जातं पण नियमात येत नाही.

तो रकाना पाडला एका कॉरोनरने. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणारा हा न्यायाधिकारी. आपल्या मुंबईतही पूर्वी कॉरोनरचं न्यायालय होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल. शर्ली टॉवर्सच्या चौकशीनंतर कॉरोनरने २०१३ मध्ये सरकारला पत्र लिहून शिफारशी केल्या. त्यातल्या एकीचा मथितार्थ असा, की फक्त फायर अलार्मच्याच नव्हे, तर सगळ्याच केबलींना आगीत टिकणारा आधार असला पाहिजे, आणि वायरिंगच्या नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, बदल करून हे साधता येईल.

‘सगळ्याच केबली’. या दोन शब्दांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बीएस ७६७१ म्हणजे १८८२ च्या त्या छोट्या नियमावलीचाच आजचा वारस. तिची तेव्हा सतरावी आवृत्ती चालू होती. २०१५ च्या तिसऱ्या दुरुस्तीत नवं कलम आलं. बाहेर पडण्याच्या मार्गांवरचं वायरिंग असं धरलेलं असावं, की आग लागल्यावर ते अकाली कोसळणार नाही. फक्त प्लॅस्टिकच्या क्लिपांवर किंवा टायवर टांगलेली केबल आणि फक्त प्लॅस्टिकच्या ट्रंकिंगवर विसंबलेली केबल, दोन्ही यामुळे बाद झाल्या. पण पुन्हा शंका निघाली. अग्निशामक जवान काय फक्त जिन्यात आणि पॅसेजमध्ये जातो? तो तर घरात जातो, खोलीत जातो. म्हणून २०१८ च्या अठराव्या आवृत्तीत ‘बाहेर पडण्याचे मार्ग’ ही मर्यादा काढून टाकली. १ जानेवारी २०१९ पासून तिथल्या नव्या कामात प्रत्येक वायरिंगला ही अट लागू झाली.

हॅरो कोर्टपासून धरलं तर चौदा वर्षं. एका क्लिपेसाठी.

आता या कलमातला ‘अकाली’ हा शब्द बघा. किती मिनिटं ते लिहिलेलं नाही, किती अंश तेही नाही. काही इलेक्ट्रिशियन यावर वैतागतात. मला मात्र तो शब्द शहाणपणाचा वाटतो, कारण तो काम करणाऱ्या माणसाला विचार करायला लावतो. त्याने स्वतःला विचारायचं, की ही केबल सुटली तर कुठे पडेल? तिच्याखालून कोण जाणार आहे? जमिनीलगतच्या पट्टीतली केबल पडून कुठे पडणार? तिथे प्लॅस्टिक चालू शकतं. दाराच्या चौकटीवरून आडवी गेलेली केबल मात्र पडली तर थेट वाटेतच लोंबणार. तिथे लोखंड हवंच.

मग निवड कशी करायची? या इतिहासातून जे हाती लागतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, प्रत्येक क्लिप धातूची हवी असं नाही. मधून मधून, ठरावीक अंतरावर पोलादाची किंवा तांब्याची क्लिप किंवा सॅडल असली, की मधल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा गेल्या तरी केबल फार खाली येत नाही. दोन धातूच्या क्लिपांमधलं अंतर असं ठेवायचं, की मधला झोळ माणसाच्या डोक्याला लागू नये.

दुसरं, प्लॅस्टिकचं ट्रंकिंग वापरायला हरकत नाही. पण आतून धातूची क्लिप ट्रंकिंगच्या पाठीतून आरपार भिंतीत स्क्रूने बसवायची आणि केबली तिच्यात धरायच्या. ट्रंकिंग वितळून गेलं तरी केबल भिंतीवरच राहते. ब्रिटनमध्ये अशा स्प्रिंगच्या क्लिपा आता सर्रास मिळतात.

तिसरं, ट्रे. लोखंडी ट्रेच्या वर केबली ठेवून त्या नायलॉनच्या टायने बांधल्या तर बिघडत नाही. टाय वितळला तरी खाली ट्रे आहे. त्याच केबली ट्रेच्या खालच्या बाजूला टायने टांगल्या, तर सगळा भार टायवर आला. तिथे स्टेनलेस स्टीलचा टाय हवा. वस्तू तीच, जागा बदलली की उत्तर बदलतं.

चौथं, आणि हे हमखास विसरलं जातं. क्लिप लोखंडी, स्क्रू लोखंडी, पण स्क्रू ज्याच्यात पिळला तो रावल प्लग प्लॅस्टिकचा. छतात प्लग थोडाच आत गेला असेल, तर तापलेला स्क्रू त्याला मऊ करतो आणि क्लिप, स्क्रू, केबल असं सगळं एकत्र खाली येतं. म्हणून छताच्या कामात काँक्रीटमध्ये थेट बसणारा स्क्रू किंवा धातूचा अँकर फास्टनर बरा. पीओपीच्या आणि जिप्समच्या छतात तर प्लॅस्टिकच्या अँकरचा भरवसा धरूच नये. आधार थेट मूळ स्लॅबमधून किंवा धातूच्या सांगाड्यातून घ्यावा. धरून ठेवण्याची साखळी स्लॅबपासून केबलपर्यंत तपासायची, कारण ती तिच्यातल्या सगळ्यांत कच्च्या कडीएवढीच पक्की असते.

पाचवं, धातूतही फरक असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे आत्ताच पाहिलं. पोलाद वितळत नाही, पण ६०० अंशांना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून जड केबलींच्या जुडग्याला अगदी पातळ पत्र्याची पट्टी पुरेशी नाही. आणि धातूच्या क्लिपेची धार केबलचं आवरण कापणार नाही हेही बघायचं, नाहीतर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण पहिला प्रश्न पुन्हा उभा करू.

आता आपल्याकडे येऊ. इथे आपली वायरिंगची संहिता आहे, आयएस ७३२; तिची सुधारित आवृत्ती २०१९ मध्ये आली. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ बाहेर पडण्याचे मार्ग अडथळ्यांपासून मोकळे ठेवायला सांगते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची असते आणि तसं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

अडथळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जिन्यात ठेवलेली सायकल, चपलांचं कपाट, जुनी गादी. ते हलवायला आपण नोटीस लावतो. पण तो सगळा जमिनीवरचा अडथळा. छतावरचा अडथळा आज अडथळा नसतो. आग लागल्यावर तो अडथळा होतो, म्हणून पाहणीच्या वेळी तो दिसतच नाही.

आणि तो येतो कसा तेही बघा. इमारत बांधताना वायरमनने तारा भिंतीच्या आतून कंड्युटमधून नेलेल्या असतात. ते काम बहुधा ठीक असतं. त्यानंतर टीव्हीच्या केबलवाला येतो. मग इंटरनेटवाला, इंटरकॉमवाला, सीसीटीव्हीवाला. प्रत्येकाला अर्ध्या तासात काम संपवून पुढे जायचं असतं. कुणी चिकटपट्टीची क्लिप लावतो, कुणी पीव्हीसीची पट्टी चिकटवतो, आणि कुणी आधीच्याच केबलला आपली केबल टायने बांधून मोकळा होतो. एकीच्या गळ्यात दुसरी, दुसरीच्या गळ्यात तिसरी. चार-पाच वर्षांत पॅसेजच्या छताखाली बोटभर जाडीचं जुडगं तयार होतं आणि ते सगळं एका मूळच्या प्लॅस्टिकच्या क्लिपेवर लोंबत असतं. बंद पडलेल्या केबली कुणी काढत नाही. या कामाची निविदा नसते, नकाशा नसतो, त्यावर कुणाची सही नसते. इथे त्या कॉरोनरचे दोन शब्द पुन्हा आठवा: सगळ्याच केबली.

मी काही सगळी इमारत उकरून नवं वायरिंग करा असं सांगायला आलेलो नाही. ब्रिटनमध्येही तो नियम नव्या कामाला लागू झाला, जुन्या इमारती एका रात्रीत बदलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी जानेवारीच्या किंवा जुलैच्या प्रमाणपत्रासाठी पाहणी होईल, तेव्हा हायड्रंट बघाल, सिलिंडरची तारीख बघाल, त्याबरोबर एकदा मान वर करा. जिन्यातून आणि पॅसेजमधून गेलेल्या मेलेल्या केबली काढून टाकायला लावा. ज्या चालू आहेत, त्यांना दारांच्या वर आणि आडव्या मार्गावर मधून मधून लोखंडी सॅडल मारून घ्या. एका मजल्याचं काम एका वायरमनला एका दिवसात होण्यासारखं आहे. आणि नवा केबलवाला आला की त्याला आधीच सांगा, बाबा, टायने टांगायचं नाही, क्लिप लोखंडी हवी, स्क्रू स्लॅबमध्ये गेला पाहिजे. तो म्हणेल, साहेब, एवढी हलकी केबल, ती कशाला पडतेय? त्याचं म्हणणं खरंच आहे. रोजच्या दिवशी ती पडत नाही.

क्लिपेची परीक्षा रोजच्या दिवशी होतच नाही. ती होते एकदाच, धुरात, त्या पाच-दहा मिनिटांत, जेव्हा घरातली माणसं रांगत बाहेर येत असतात आणि अनोळखी घरातला एक जवान त्यांना शोधत आत जात असतो. १८८२ च्या त्या मोठ्या माणसांनी तार आग लावेल का हे विचारलं. पुढच्यांनी आगीत तार काम करेल का हे विचारलं. तिसरा प्रश्न विचारायला हॅरो कोर्ट आणि शर्ली टॉवर्स घडावं लागलं. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. आपल्याला फक्त मान वर करून बघायचं आहे.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.